आधी भोक, मग राघू: बिटमॅप मास्किंग हाताने करून शिकण्यासाठी

डिप्लोमाला असताना कॉम्प्युटर ग्राफिक्सचं प्रॅक्टिकल आम्हाला टर्बो सीवर, म्हणजे सी भाषेच्या जुन्या सॉफ्टवेअरवर, असायचं. मी एक राघू काढला होता. हिरवं अंग, लाल चोच, काळा डोळा. तो फिकट निळ्या आकाशातून डावीकडून उजवीकडे उडवायचा होता. कोऱ्या काळ्या स्क्रीनवर राघू देखणा दिसायचा, पण आकाशावर आणला की अंग निळसर व्हायचं, चोच गुलाबी व्हायची आणि डोळ्यातून आरपार आकाश दिसायचं. मी राघू «ऑर»ने, म्हणजे खालच्या रंगात मिसळून, ठेवत होते. सरांनी सांगितलं, ऑर काढ आणि कॉपी वापर, म्हणजे खालचं झाकून ठेव. कॉपी वापरलं तर रंग जागेवर आले, पण राघूभोवती काळा चौकोन आला. आकाशात पोस्टाचं तिकीट चिकटवल्यासारखा.

उत्तर घरातच होतं. सांगलीत बाबांचं लग्नपत्रिकांचं स्क्रीन प्रिंटिंग होतं. पिवळ्या कार्डावर निळी शाई ओढली की अक्षरं हिरवट येतात, कारण खालचा पिवळा शाईतून वर येतो. म्हणून बाबा आधी त्याच आकाराचा पांढरा हात मारायचे, तो वाळला की त्यावर निळा. एका रंगासाठी दोन फ्रेम. पांढऱ्या हाताचं काम रंग देणं नव्हतंच, खालचा पिवळा मारणं एवढंच होतं. एका रात्री ओल्या पत्रिका दोरीवर लावताना माझ्या डोक्यात आलं की माझ्या राघूलाही दुसरी फ्रेम हवी आहे. आधी आकाशात राघूच्या आकाराचं भोक पाडायचं, मग त्या भोकात राघू बसवायचा. भोक पाडणाऱ्या त्या दुसऱ्या चित्राला मास्क म्हणतात.

आता मी हेच शिकवते, आणि दर वर्षी कोणाच्या ना कोणाच्या चित्राचा डोळा आरपार झालेला पाहते. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे. कागद-पेन्सिल घेऊन बसा. पहिला अर्धा भाग कॉम्प्युटरशिवायच करायचा आहे.

चार क्रिया, पण पिक्सेलच्या नजरेने

अँड, ऑर, एक्सॉर आणि नॉट यांची कोष्टकं तुम्ही पाठ केली असतीलच. चित्र काढताना ती कोष्टकं बाजूला ठेवा आणि प्रत्येक क्रियेला एकच प्रश्न विचारा: माझ्या हातात १ असेल तर खालच्या पिक्सेलचं काय होतं, आणि ० असेल तर काय?

अँड (&): १ ने खालचं जसंच्या तसं राहतं, ० ने पुसलं जातं.
ऑर (|): ० ने खालचं जसंच्या तसं राहतं, १ ने पेटतं.
एक्सॉर (^): ० ने खालचं जसंच्या तसं राहतं, १ ने उलटतं.

नॉट (~) खालच्या पिक्सेलकडे बघतच नाही, ते फक्त आपल्या हातातलं चित्र उलटं करतं. यातून एक गोष्ट दिसते. पुसण्याची ताकद फक्त अँडकडे आहे आणि हवं ते पेटवण्याची फक्त ऑरकडे. एकट्याने कोणीच चित्र बसवू शकत नाही. माझा ऑरवाला राघू बिघडला तो यामुळेच: ऑरने रंग चढवला, पण खालचं आकाश पुसलंच नव्हतं.

राघू चौकटीच्या कागदावर

८ × ८ ची चौकट आखा. एका घराला एक बिट, १ म्हणजे उजेड, ० म्हणजे अंधार. हा राघू उजवीकडे बघतो आहे, दुसऱ्या ओळीत डोळा आहे, तिसऱ्या ओळीत चोच पुढे आली आहे, चौथ्या ओळीत शेपटी मागे गेली आहे:

०००१११००
००११०११०
००११११११
१११११११०
०११११११०
००११११००
०००१०१००
०००१०१००

आता दुसरी चौकट घ्या आणि त्यात फक्त राघूची सावली काढा. दुपारच्या उन्हात भिंतीवर पडावी तशी. सावलीला डोळा नसतो:

०००१११००
००१११११०
००११११११
१११११११०
०११११११०
००११११००
०००१०१००
०००१०१००

दोन्ही चौकटींत फरक एकाच बिटाचा आहे: दुसरी ओळ, पाचवा रकाना. सगळा मामला त्या एका बिटाचा आहे. पहिल्या चौकटीला मी यापुढे «चित्र» म्हणेन आणि दुसरीला «आकार». आकार उलटा केला की मास्क मिळतो, ज्यात बाहेर १ आणि राघूच्या जागी ० असतात.

एकच ओळ पूर्ण करून बघू, डोळ्याचीच. पार्श्वभूमीला मी नेहमी एक आड एक पट्टे घेते, म्हणजे चूक लपत नाही.

पार्श्वभूमी: १०१०१०१०
मास्क: ११०००००१
दोघांचं अँड: १०००००००
चित्र: ००११०११०
त्यावर ऑर: १०११०११०

शेवटच्या ओळीत पाचवा बिट ० आहे, म्हणजे डोळा काळा राहिला. सगळ्यात डावीकडचे दोन बिट आणि सगळ्यात उजवीकडचा एक बिट पार्श्वभूमीचेच आहेत.

आता बहुतेक जण करतात ते करून बघा. वेगळा आकार काढायचा कंटाळा येतो, म्हणून चित्रालाच नॉट लावून मास्क बनवला जातो. तो मास्क येतो ११००१००१. अँड केलं की उरतं १०००१०००, आणि ऑर केलं की १०१११११०. पाचवा बिट १ झाला. तिथली पार्श्वभूमी पुसलीच गेली नाही, डोळ्यातून ती बाहेर आली.

चित्रातला काळा आणि चित्राबाहेरचा रिकामा, दोन्ही ० नेच लिहिले जातात. संगणकाला त्यांतला फरक कळायला दुसरं काहीच साधन नाही, तो फरक तुम्हीच आकारात लिहून द्यायचा असतो. म्हणून माझा आग्रह असतो की आकार वेगळा आणि हाताने काढा. चित्रावरून तो आपोआप बनवायचाच असेल, तर बाहेरच्या रिकाम्या जागेत चित्रात कुठेच न वापरलेला रंग भरा आणि "हा रंग म्हणजे बाहेर" असं धरून आकार बनवा. भडक गुलाबी-जांभळा यासाठी पूर्वापार वापरला जातो, कारण तो चित्रात सहसा लागत नाही. काळा मात्र कधीच धरू नका, डोळे, मिशा, केस, चाकं, सगळं काळंच असतं.

सूत्र असं लिहा:

पार्श्व = (पार्श्व & ~आकार) | चित्र

क्रमाला महत्त्व आहे. आधी ऑर आणि मग अँड केलं तर बसवलेला राघूच पुसला जातो आणि आकाशात राघूच्या आकाराचं काळं भोक उरतं. तसं भोक दिसलं की सूत्र तपासू नका, क्रम तपासा.

आणखी एक अट या सूत्रात लपलेली आहे: चित्रात आकाराबाहेर सगळीकडे ०च हवा. बाहेर कुठे चुकून १ राहिला तर ऑर तो आकाशात पेटवेल. खात्री नसेल तर चित्रालाही आकाराने कापून घ्या:

पार्श्व = (पार्श्व & ~आकार) | (चित्र & आकार)

हेच एका क्रियेच्या बचतीत असंही लिहिता येतं:

पार्श्व = पार्श्व ^ ((पार्श्व ^ चित्र) & आकार)

आकारात १ असेल तिथे पार्श्व स्वतःशीच एक्सॉर होऊन नाहीसं होतं आणि चित्र उरतं. ० असेल तिथे कंसातलं सगळं शून्य होतं आणि पार्श्व तसंच राहतं. एका बिटावर आठही शक्यता घालून बघा, मगच वापरा.

सोळा रंग आणि सातचा घोळ

व्हीजीए या जुन्या पीसीच्या ग्राफिक्स प्रकारात ६४० × ४८० च्या सोळा रंगांच्या मोडमध्ये प्रत्येक पिक्सेलला चार बिट असतात. फिकट निळा ९ म्हणजे १००१, फिकट हिरवा १० म्हणजे १०१०, फिकट लाल १२ म्हणजे ११००, पांढरा १५ म्हणजे ११११. आता माझ्या राघूची दशा आकड्यांत बघा. अंग: ९ | १० = ११, निळसर. चोच: ९ | १२ = १३, गुलाबी. डोळा: ९ | ० = ९, आकाश. जसं दिसलं होतं तसंच.

ही क्रिया डोळ्याला दिसणाऱ्या रंगावर होत नाही, रंगाच्या क्रमांकावर होते. पॅलेटमध्ये, म्हणजे कोणत्या क्रमांकाला कोणता रंग हे ठरवणाऱ्या तक्त्यात, ११ व्या जागी कोणी केशरी भरून ठेवला असता तर माझा राघू केशरी झाला असता.

टर्बो सीमध्ये कृती सोपी आहे, चित्र उचलायला गेटइमेज आणि ठेवायला पुटइमेज अशी तयार फंक्शनं त्यात आहेत. राघू आणि मास्क दोन्ही एकदा स्क्रीनवर काढून गेटइमेजने मेमरीत उचलून ठेवायचे. किती जागा लागेल ते इमेजसाइज सांगतं. ३२ × ३२ च्या राघूला सोळा रंगांत ५१२ बाइट आणि वर थोडे लागतात. मग प्रत्येक पावलाला तीन गोष्टी: राघू जिथे जाणार तिथलं आकाश गेटइमेजने उचलून ठेवा, मास्क पुटइमेजने अँड_पुट वापरून ठेवा, राघू ऑर_पुट वापरून ठेवा. पुढच्या पावलाआधी उचललेलं आकाश कॉपी_पुटने परत चिकटवा. संपूर्ण स्क्रीन एकदम उचलायला जाऊ नका. ती १,५३,६०० बाइटची होते आणि इमेजसाइजची मजल ६४ किलोबाइटच्या आतच असते.

माझा पहिला मास्क मात्र फसला होता. राघूभोवती काळा चौकोन नव्हता, पण गडद निळा चौकोन होता. दोन दिवस मी पुटइमेजच्या ओळी उलटसुलट करत राहिले. चूक मास्कमध्ये होती. बाहेरची जागा मी «पांढऱ्या»ने भरली होती, पण तो पांढरा ७ होता, म्हणजे फिकट राखाडी, ०१११. ९ & ७ = १. वरचा उजेडाचा बिट कापला गेला आणि फिकट निळ्याचा गडद निळा झाला. मास्कमध्ये बाहेरचा पिक्सेल म्हणजे सगळे बिट १, जवळपास पांढरा चालत नाही.

हाच नियम पुढे मोठ्या रंगांनाही लागू होतो. २४ बिटांच्या रंगात बाहेर तिन्ही घटक २५५ हवेत, २५४ नको. मास्कचं चित्र जेपेगमध्ये कधीही साठवू नका. दाबताना कडांजवळचे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, डोळ्याला ते दिसत नाही, पण अँड प्रत्येक बिट बघतो आणि राघूभोवती मळकट कडा येते. बीएमपी किंवा पीएनजीच वापरा.

३२ बिटांच्या पिक्सेलला १ बिटाच्या आकारावरून मास्क बनवायची एक छान युक्ती आहे. बिटाच्या आधी उणे लावा. ० चं उणे ०, आणि संगणक उणे संख्या ज्या दोनच्या पूरक पद्धतीने लिहितो तीत १ चं उणे म्हणजे बत्तीसच्या बत्तीस बिट १. एका वजाबाकीत पूर्ण मास्क, «जर-तर» न लिहिता.

सरकवताना येणारे काळे पट्टे

इथे जरा थांबूया, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. एका पिक्सेलला एक बिट असेल तेव्हा आठ पिक्सेल एका बाइटमध्ये बसतात. राघू ०, ८, १६ अशा जागी उभा असेल तर बाइटवर बाइट बसतो. तो १३ व्या पिक्सेलवर आला की दोन बाइटमध्ये विभागला जातो. पहिला बाइट कुठला? बाइट ० पासून मोजा, आणि १३ चे बिट तीन घरं उजवीकडे सरकवा, म्हणजेच आठने भागा: १३ >> ३ = १. किती सरकवायचं? १३ & ७ = ५. इथे & ७ हाही मास्कच आहे, संख्येचे शेवटचे तीन बिट ठेवून बाकीचे पुसणारा.

राघूची ओळ सोळा बिटांच्या घरात डावीकडे ठेवा आणि पाच घरं उजवीकडे सरकवा. चित्राच्या बाबतीत सगळं ठीक होतं, कारण रिकाम्या झालेल्या घरांत ० येतात आणि ऑरला ० चालतात. मास्कच्या बाबतीत नाही. डोळ्याच्या ओळीचा मास्क ११०००००१ होता. तो सोळाच्या घरात ठेवून पाचने सरकवला तर येतो:

०००००११०००००१०००

डावीकडचे पाच आणि उजवीकडचे तीन शून्य बघा. ते राघूचे नाहीत, सरकवताना आत आलेले आहेत. अँड त्या जागचं आकाश पुसून टाकणार. राघूच्या डाव्या बाजूला पाच पिक्सेलचा आणि उजव्या बाजूला तीन पिक्सेलचा काळा पट्टा येईल. राघू पुढे सरकेल तसे पट्टे आठ-आठ पावलांनी लहान-मोठे होतील, आणि दर आठव्या पावलाला, जिथे एकच बाइट लिहिला जातो तिथे, नाहीसे होतील. दर आठव्या पावलाला सगळं नीट दिसणं ही या चुकीची खूण आहे.

उपाय: मास्क सरकवू नका. आकार सरकवा आणि मग उलटा करा. त्याच ओळीचा आकार ००१११११० आहे:

सोळाच्या घरात: ००१११११०००००००००
पाचने सरकवून: ०००००००१११११००००

हे हाताने लिहिताना एखादा बिट निसटतो, म्हणून चार-चारचे गट पाडा: ०००० ०००१ ११११ ००००. आता नॉट: ११११ १११० ०००० ११११. रिकामी घरं आता १ झाली, म्हणजे आकाश शाबूत. म्हणूनच मी मेमरीत मास्क ठेवतच नाही, आकार ठेवते आणि वापरायच्या क्षणी नॉट करते.

छोट्या ओएलईडीवर

हे सगळं आता कशाला, ग्राफिक्स कार्ड पारदर्शकता आपोआप करतं की, असं मुलं म्हणतात. मोठ्या पडद्यावर करतं. पण आर्डुइनो उनो आर३ या छोट्या कंट्रोलर बोर्डला एसएसडी१३०६ चिपचा १२८ × ६४ चा ओएलईडी पडदा जोडा. उनो आर३ ची रॅम २०४८ बाइटची. पडद्याचे ८१९२ बिट म्हणजे १०२४ बाइट, अर्धी रॅम तिथेच गेली. तिथे अँड-ऑरशिवाय चालत नाही, आणि आमच्या लॅबमध्ये आज मास्किंग मी यावरच शिकवते.

या पडद्याची एक वेगळी रीत आहे. त्यात बाइट आडवा नसतो, उभा असतो. एका बाइटमध्ये एका रकान्याचे आठ पिक्सेल, आणि सगळ्यात वरचा पिक्सेल म्हणजे सगळ्यात लहान किमतीचा बिट. अशा आठ ओळींच्या आडव्या पट्टीला पेज म्हणतात, एकूण आठ पेज. म्हणजे आपला राघू आता ओळीने नाही, रकान्याने वाचायचा, आणि खालून वर.

डोळा असलेला पाचवा रकाना घ्या. चित्रात तो खालून वर वाचला तर ००११११०१, म्हणजे ६१. आकारात ००११११११, म्हणजे ६३. दोन आकड्यांत फरक २ चा, आणि तो २ म्हणजे राघूचा डोळा. मुलांनी एकदा हा २ स्वतः शोधला की मास्क वेगळा का लागतो हे पुन्हा सांगावं लागत नाही.

सरकवण्याची दिशाही बदलते. राघू पडद्यावर खाली आणायचा तर बिट मोठ्या किमतीकडे जायला हवेत, म्हणजे << वापरायचं. राघू वरून कितव्या ओळीवर आहे त्याला य म्हणू. कितव्या पेजवर ते य >> ३, किती सरकवायचं ते य & ७. वर सांगितलेला पट्ट्यांचा धोका इथे वर-खाली येतो, उपाय तोच. आडवं सरकवणं मात्र फुकट आहे, बाइटचा क्रमांक एकने वाढवला की राघू एक पिक्सेल उजवीकडे.

राघूची आणि आकाराची माहिती फ्लॅश मेमरीत ठेवा, रॅममध्ये नको. दोन्ही मिळून १६ बाइट आहेत, पण अशी तीस-चाळीस चित्रं झाली की रॅमची ओढाताण होते.

मराठी अक्षरांसाठी हा उभा बाइट फार सोयीचा आहे. शिरोरेषा म्हणजे प्रत्येक रकान्यातला एकच बिट. अक्षरं शिरोरेषेशिवाय काढून ठेवा, शब्द जुळला की त्याच्या सगळ्या रकान्यांवर तो एक बिट ऑर करा. अख्ख्या शब्दावर एकसंध रेषा येते, अक्षरांच्या सांध्यात फट राहत नाही. पण ध आणि भ यांची रेषा तुटलेली असते, आणि आठ-दहा पिक्सेलच्या उंचीत ध आणि घ, भ आणि म ओळखायची खूण बहुतेक तीच असते. सरसकट ऑर केलं तर «धन»चं «घन» होतं आणि «भाव»चं «माव». म्हणून या अक्षरांसोबत एक छोटा मास्क ठेवायचा, जो ऑर झाल्यावर त्या दोन-तीन रकान्यांतला शिरोरेषेचा बिट अँडने पुसतो. इथे क्रम राघूच्या उलटा आहे: आधी ऑर, मग अँड. क्रम पाठ करण्यात अर्थ नाही, शेवटी पडद्यावर काय उरायला हवं तेच बघायचं.

दोनदा एक्सॉर

एक्सॉर पुन्हा केलं की पहिलं परत येतं. ९ ^ १० = ३, आणि ३ ^ १० = ९. राघू एक्सॉरने ठेवला आणि त्याच जागी पुन्हा एक्सॉरने ठेवला की आकाश जसंच्या तसं, काहीही उचलून ठेवायला नको. रंग मात्र चुकीचे दिसतात. म्हणून मी एक्सॉर फक्त खुणांसाठी वापरते: लुकलुकणारा कर्सर, ओढून मोठा करायचा निवडीचा चौकोन. दोन्ही वेळा चित्र आणि जागा तंतोतंत तीच हवी. मध्येच खालचं काही बदललं तर तिथे ठिपके राहून जातात.

विंडोजच्या जुन्या पद्धतीच्या आयकॉन आणि कर्सरमध्ये अँड आणि एक्सॉर दोन्ही एकत्र आहेत. आयकॉन फाइलमध्ये दोन चित्रं एकावर एक ठेवलेली असतात, एक्सॉरचं रंगीत आणि अँडचं १ बिटाचं. म्हणूनच ३२ × ३२ च्या आयकॉनच्या आतल्या हेडरमध्ये उंची ६४ लिहिलेली सापडते. स्वतः फाइल वाचायला गेलात तर ती अर्धी करायला विसरू नका. अँड ० असेल तर तिथे एक्सॉर चित्राचा रंग उमटतो. अँड १ आणि एक्सॉर ० असेल तर खालचं तसंच दिसतं. अँड १ आणि एक्सॉर पांढरा असेल तर खालचं उलटं होतं. मजकुरावर फिरणारा आय आकाराचा कर्सर पांढऱ्यावर काळा आणि काळ्यावर पांढरा दिसतो तो या शेवटच्या जोडीमुळे.

विंडोजमध्ये १ बिटाचा मास्क रंगीत पडद्यावर बिटब्लिटने, म्हणजे चित्राचा तुकडा उचलून ठेवणाऱ्या आज्ञेने, टाकताना एक लक्षात ठेवा. त्यातले ० त्या वेळच्या मजकुराच्या रंगात आणि १ पार्श्वरंगात बदलून मग क्रिया होते. कोणी आधी मजकुराचा रंग लाल करून ठेवला असेल तर मास्कही लाल होतो आणि भोक नीट पडत नाही. मास्क टाकण्याआधी मजकूर काळा, पार्श्वरंग पांढरा, हे दर वेळी स्वतः करा.

बिटब्लिट हा शब्द झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रातला. १९७५ साली डॅन इंगल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मॉलटॉक या प्रोग्रॅमिंग भाषेसाठी अल्टो या संगणकावर ही क्रिया बसवली. नाव पीडीपी-१० या संगणकाच्या बीएलटी आज्ञेवरून घेतलं. चित्राचा तुकडा उचला, खालच्याशी अँड-ऑर-एक्सॉर करत ठेवा, ही सगळी कामं त्यांनी एकाच आज्ञेत आणली, आणि खिडक्या, मेन्यू, अक्षरं सगळं त्यावर उभं राहिलं. आपण राघूला जे करतो आहोत ते तेच आहे.

तपासायचं कसं

काळ्या पार्श्वभूमीवर तपासू नका, काळ्यावर चुकीचा मास्कही बरोबर दिसतो. पांढऱ्यावर तपासा, मग पट्ट्यांवर. पांढऱ्यावर एका बिटाचा राघू दिसेनासा होईल, फक्त डोळा उरेल. तसं झालं तर मास्क नीट आहे असं समजा. राघूला उठाव हवा असेल तर आकार चारही बाजूंनी एक पिक्सेल फुगवा. आकाराची डावी, उजवी, वरची, खालची अशी एक-एक घर सरकवलेली प्रत घेऊन सगळ्या ऑर करा. एवढ्यासाठी आकाराची चौकट १० × १० ची घ्यावी लागते. मग राघूभोवती बारीक काळी कड येते आणि तो कुठल्याही पार्श्वभूमीवर उठून दिसतो. मास्क आणि चित्र एका पिक्सेलने इकडेतिकडे बसले तर हीच कड फक्त एका बाजूला दिसते. बाबांच्या पत्रिकेतही फ्रेम सुतभर सरकली की निळ्या अक्षराच्या एकाच बाजूने पांढरी कड डोकवायची, आणि ते कोपऱ्यातल्या जुळणीच्या खुणा पुन्हा लावून बसायचे. तुम्हीही दोन्ही चित्रांचा डावा-वरचा कोपरा तपासा.

जागा निवडून तपासा: ०, १, ७, ८ आणि मग उजवा काठ. १२८ रुंदीच्या आडव्या बाइटच्या पडद्यावर राघू १२४ वर आला की त्याचा दुसरा बाइट पुढच्या ओळीच्या पहिल्या बाइटमध्ये जातो. राघूची चोच पडद्याच्या डाव्या काठाला, एक ओळ खाली उगवते. पडद्याच्या अगदी शेवटच्या ओळीवर असेल तर ती मेमरीत पडद्याच्या बाहेरच लिहिली जाते आणि दुसऱ्याच कुठल्या तरी चलाची किंमत बदलते, जे शोधायला संध्याकाळ जाते. दुसरा बाइट लिहिण्याआधी तो त्याच ओळीत आहे का एवढं विचारा: १२४ >> ३ = १५, ओळीत बाइट ० ते १५, त्यामुळे १६ क्रमांकाचा बाइट लिहायचाच नाही.